ताईसाठी डिस्ट्रो

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला घरचे खटपट्या म्हणत. बायकोही म्हणे, पण लाडाने नव्हे, वैतागून. त्याच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स असायचं. लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या आवडीने सजवलेल्या आवृत्त्या, ढिगाने मिळतात आणि फुकट मिळतात. नवं आणि फुकट एकत्र दिसलं की या माणसाला राहवत नसे. आज एकीचा मेनू आवडला, उद्या दुसरीच्या खिडक्या. तिसरी तर नुसतीच देखणी म्हणून घरात आली. लग्नाला असली सोय नाही हे बरं, असं बायको म्हणायची.

त्याची थोरली बहीण, ताई, घरबसल्या लेखकांची हस्तलिखितं टाइप करून द्यायची. तिची नजर अधू होत गेली आणि शेवटी पडद्यावरचं काहीच दिसेना. लेखक मजकूर बोलून पाठवायला तयार होते, पण संगणक चालवायचा कसा? खटपट्याने तिला पडद्यावरचं वाचून दाखवणारी एक डिस्ट्रो टाकून दिली. कोणती कळ दाबली की काय उघडतं, हे ताईने चिकाटीने पाठ केलं आणि काम पुन्हा सुरू झालं.

इथे थांबला असता तर तो खटपट्या कसला! गोड आवाजाची, चटपटीत अशी एक नवी डिस्ट्रो मिळाली आणि ताई बाहेर गेलेली पाहून पठ्ठ्याने ती हौसेने टाकूनही दिली. ताई परतली, कामाला बसली. ओळखीची एकही जागा सापडेना. बराच वेळ चाचपडून तिने हात मांडीवर ठेवले.

"न बघता सगळं घर पाठ केलं होतं रे मी," ती म्हणाली. "तू सामान हलवलंस. आता पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने. हा संगणक घेऊन जा."

खटपट्याने संगणक उचलला. आधीची डिस्ट्रो परत टाकता आली असती, पण तीही थोड्या महिन्यांनी रूप बदलणारच होती. म्हणून घरी जाऊन त्याने डोळ्यांना रुमाल बांधला आणि एकेक डिस्ट्रो नुसती ऐकून चालवून पाहिली. सुरुवातीला तर संगणक बंदसुद्धा करता येईना. ताईने हे सारं मुकाट्याने शिकून घेतलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं आणि रुमाल ओला झाला.

शेवटी डेबियन नावाची डिस्ट्रो ठरली. दिसायला साधी, आवाज खरखरीत, पण टाकतानाच बोलू लागणारी आणि वर्षानुवर्षं आपली मांडणी धरून बसणारी. ताईला पाठ असलेल्या कळा त्याने त्या डिस्ट्रोत जशाच्या तशा बसवल्या आणि संगणक ताईपुढे परत नेऊन ठेवला. मग स्वतःच्या संगणकावरही तीच टाकली, म्हणजे ताई अडली की फोनवर डोळे मिटून सांगता येईल. हौस सोडणं सोपं नसतं. हा गडी ती सोडून बसला आणि त्याने त्याचा गवगवाही केला नाही.

ताई पुन्हा टाइप करते. मधेच अडते, फोन करते. परवा काम झाल्यावर तिने सहज विचारलं, "नवीन काही आलंय का रे?"

"आलंय की. ढीगभर."

"मग?"

"आपल्याला नको."