कमानीचा पाइप

आमच्या जुन्या जीपचा रोल केज मीच आखला होता. गाडी उलटली तरी आतली माणसं वाचावीत, म्हणून बसवायचा हा लोखंडी पाइपांचा पिंजरा. शेजारच्या सीटवर बायको बसणार होती, म्हणून डोक्यामागची मुख्य कमान मी जाड पाइपाची ठरवली. पाइप स्वतः निवडून आणला आणि वेल्डिंग कन्हानच्या माझ्या शाळासोबत्याकडे दिलं. त्याचं काम मी कधी तपासलं नव्हतं.

खाप्याजवळ नदीकाठी शर्यत होती. शर्यतीआधी तपासणाऱ्याने कमानीला बारीक भोक पाडून जाडी मोजली आणि मान हलवली.

"साहेब, हा पाइप निम्म्याच जाडीचा आहे. गाडी सोडता येणार नाही."

मित्र तिथेच उभा होता. मी त्याला विचारलं, "काहून केलं गा असं?"

तो खाली पाहत म्हणाला, "पाइप कमी पडला होता. चांगला होता तो माह्या पोराच्या गाडीले लावला. तू तं हळूच चालवतं, म्हटलं तुले काय होते!"

बायको हेल्मेट घालून सीटवर बसली होती. तिने सगळं ऐकलं. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. तिने पट्टा सोडला आणि ती खाली उतरली.

त्याच्या पोराची गाडी सुटली, तेव्हा आम्ही घरी निघालो होतो. पुढच्या रविवारी मी तो पिंजरा कापून काढला. त्याने प्रत्येक जोड नेहमीसारखाच सुबक भरला होता. कापताना मला रडू आलं.