पस्तीस लिटरची टाकी आणि भामरागडचा रस्ता

चार माणसं रोज एकाच छोट्या गाडीत कोंबली, की किस्से साचतातच. डिकीत चिखल साचतो तसे; काढायला कुणाला वेळ नसतो! आमची टीम डोळे तपासणारी. डॉक्टर मॅडम, रामटेके सिस्टर, चष्म्याचे नंबर काढणारा मी आणि ड्रायव्हर देविदासभाऊ. गडचिरोलीहून निघायचं आणि भामरागडकडच्या गावांत शिबिरं घ्यायची. गाडीची टाकी पस्तीस लिटरची. आलापल्ली सुटली की पुढं पंपाचा भरवसा नाही, म्हणून आमच्या सगळ्या गप्पा फिरून फिरून टाकीवरच येतात.

*

मॅडम पुण्याहून नव्या आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीचं पुस्तक वाचून काढलं. "लिटरला वीस! म्हणजे एका टाकीत सातशे किलोमीटर. भाऊ, तुम्ही उगाच घाबरता."

देविदासभाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुस्तक लिवणाऱ्यानं सिस्टरचा डबा गाडीत ठेवून पाह्यला होता का?"

सिस्टरांनी डबा उचलून आपल्या मांडीवर घेतला. आणि त्या दिवशी भाऊंना वांग्याची भाजी मिळाली नाही ती नाहीच!

*

गाडीत एक स्क्रीन आहे. उरलेल्या पेट्रोलवर किती किलोमीटर जाता येईल, ते दाखवते. एकदा मॅडम म्हणाल्या, "एकशे दहा दाखवतंय. जाऊन येऊन नव्वद. चला!"

पुढं चिखल. भाऊ पहिल्या गिअरमधून हलेनात. गाडी एक किलोमीटर गेली की आकडा चारनं खाली! अतिदक्षता विभागातल्या पेशंटचा मॉनिटर असावा तशा मॅडम त्या स्क्रीनकडे बघत होत्या. शेवटी आकडाच गेला, नुसत्या दोन रेघा उरल्या.

"भाऊ! काहीच दाखवत नाहीये!"

"तिले मोजणं जमून नाई राह्यलं, मॅडम. आता मी मोजतो." असं म्हणून भाऊंनी गाडी थांबवली आणि डिकीतून पेट्रोलचा भरलेला डबा काढला.

*

एकदा पेट्रोलचा काटा अडकला. तीन दिवस टाकी फुल! आत खरं किती आहे, कसं कळणार?

रामटेके सिस्टरांनी वीस वर्षं वॉर्डात काढलेली. त्या सरळ गाडीमागे खाली बसल्या, टाकीला स्टेथोस्कोप लावला. "भाऊ, गाडी हलवा जरा." भाऊंनी हलवली. मग त्यांनी छाती तपासतात तसं बोटानं ठोकून पाहिलं. आम्ही श्वास रोखून उभे!

सिस्टर उठल्या, साडी झटकली. "पाव टाकी आहे. आन् सायलेन्सरले खोकला आहे, दाखवून घ्या."

*

माझीही फजिती सांगतो. पंपावर मी टाकी गळ्यापर्यंत भरायला लावली. मशीनवर आकडा साडेसदतीस! मी तरातरा खाली उतरलो. "पस्तीसच्या टाकीत साडेसदतीस? मी डोळे तपासतो, ताई. मले आकडा दिसते!"

पंपावरची ताई जराही हलली नाही. "साहेब, लग्नात पोट भरल्यावर तुमी लगेच उठता का? वरून जिलबी जातेच ना! टाकीच्या वर नळी असते, तेबी भरते."

मॅडमनी पुस्तक उघडलं. ताईचं बरोबर होतं. मागच्या रांगेतली सगळी मंडळी हसत होती!

*

आणि हा शेवटचा. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे निवांत ऐकाल.

नाल्याला पाणी होतं म्हणून लांबच्या वाटेनं एका गावात पोचलो. शिबिर आटोपतच होतं, तेवढ्यात गावच्या आशाताई धावत आल्या. एका पोरीच्या पोटात कळा सुरू झालेल्या, पहिलटकरीण. ॲम्ब्युलन्स नाल्यापलीकडे अडकलेली. गाडी फक्त आमची! दवाखाना त्याच लांबच्या वाटेनं, आणि गाडीचा लाल दिवा लागलेला. डिकीतला पेट्रोलचा डबाही सकाळीच संपलेला.

भाऊंचा चेहरा उतरला. "नाई पुरत," एवढंच म्हणाले.

गावात सात-आठ मोटारसायकली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. नळ्या निघाल्या आणि माणसं बाटल्या घेऊन यायला लागली. कुणाची अर्धी, कुणाची पाव. पोरीच्या नवऱ्यानं तर आपली गाडी आडवी करून शेवटचा थेंब काढला. सिस्टरांनी पोरीला मागच्या सीटवर निजवलं. गाडीत जागा उरली नव्हती, म्हणून मी आणि मॅडम गावातच थांबणार होतो. भाऊ कापलेल्या बाटलीचं नरसाळं लावून पेट्रोल ओतत होते.

शेवटी एक म्हातारी आजी काठी टेकत आली. तिच्या हातातही बाटली. भाऊंनी घेतली, ओतणार, तेवढ्यात वास घेतला आणि ओरडले, "अरे, हे तं पाणी आहे!"

सगळे थबकले. आजी माडिया बोलीत काहीतरी फणकाऱ्यानं बोलली, तशी आशाताई तेवढ्या घाईतही हसायला लागल्या.

"आजी म्हणते, तुमी सगळे गाडीलेच पाजून राह्यले. त्या होणाऱ्या बापाले कोण पाजीन? तो घेरी येऊन पडून राह्यला पाहा!"