जगायला

मुलांनो, आपल्या खिडकीसमोर नवी इमारत उभी राहते आहे. जव्हारकडची सोमी तिथे वाळू चाळते. तिची लेक नुकतीच चालू लागली आहे. ती खड्ड्यात पडू नये म्हणून सोमीने लुगड्याची लांब पट्टी तिच्या कमरेला आणि खांबाला बांधली आहे.

सध्या मी आदिवासींवरची एक कादंबरी वाचते आहे. तिच्यात माणसं दिवाळीनंतर गाठोडी आणि कोंबड्या घेऊन डोंगर उतरतात, तिथेच प्रकरण संपतं. लेखक त्याला स्थलांतर म्हणतो. सोमी पाणी मागायला आली तेव्हा मी विचारलं, "कामाला आलात का गं?"

"जगाया आलू," ती म्हणाली. गाव सोडण्याला त्यांच्याकडे हाच शब्द आहे. मग हसून म्हणाली, "तुजा बरा, आजी. तू घरातच जगतंस."

"होळीला जाशील ना पाड्यावर?"

"मुकादम सोडंल तं." तिचं हसू मावळलं. "पोर चालताना अजून कोनी बघली नाय. होळीला सगली येतान."

आज होळी आहे. पुस्तक मांडीवर तसंच उघडं आहे. समोर पोर खांबाभोवती फिरते, पट्टी गुंडाळत जाते, आणि शेवटी खांबाला चिकटून ती रडू लागते. सोमी घमेलं ठेवते, तिला उलटं फिरवून पट्टी सोडवते आणि वाळूकडे वळते.

पोर खुदकन हसते आणि पुन्हा खांबाभोवती चालू लागते.