टेबलाची कड

कारखान्यात त्याला सगळे ओपनर म्हणत. लाकडी सामानाला पॉलिश करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण नाव पडलं ते बाटल्यांवरून. बिअरची बाटली उघडायला या गृहस्थाला ओपनर कधी लागलाच नाही. चमच्याचा दांडा, लायटरचं बूड, पट्ट्याचं बक्कल, दाराची कडी, जे हाताशी येईल ते चालायचं. दातांनीही उघडायचा, पण पुढच्या दाताचा टवका उडाल्यावर तो प्रकार बंद झाला. आणि काहीच नसलं तर टेबलाची कड होतीच. झाकण कडेला अडकवायचं, वरून तळहाताचा एक दणका द्यायचा, की काम फत्ते. कारखान्यातल्या कामाच्या टेबलाची एक बाजू या दणक्यांनी उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली होती. दिवसभर लोकांच्या टेबलांच्या कडा गुळगुळीत करायच्या आणि संध्याकाळी आपल्याच टेबलाची फोडायची, असा हा कारभार. लोक टाळ्या वाजवत आणि याची छाती फुगे.

बायको लवकर गेली. घरात तो आणि मुलगी. मुलीला त्या टोपणनावाची भारी लाज. लग्न होऊन ती सासरी गेली, आणि पहिल्यांदाच बाबांना रविवारी जेवायला बोलावलं, तेव्हा फोनवर तिने एवढंच बजावलं, "बाबा, इथे काही करून दाखवू नका." त्याला जरा लागलं. मी काय माकड आहे का, असं पुटपुटत त्याने शर्टाला इस्त्री केली.

मुलीच्या घरात शिरल्या शिरल्या त्याची नजर गेली ती जेवणाच्या टेबलावर. जावयाचे वडील शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने हे टेबल स्वतः बनवलं होतं. एक पाय किंचित बुटका, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. पॉलिश मात्र दमाने केलेलं, हात फिरवला की कुठे अडखळत नव्हतं. त्याने मनापासून तारीफ केली, तशी विहीणबाईंची कळी खुलली. त्या म्हणाल्या, एवढं एकच केलं त्यांनी, दुसरं करायला राहिले नाहीत. मुलीने स्वयंपाकघराच्या दारातून बाबांकडे पाहिलं आणि हसली. सगळं कसं छान चाललं होतं.

मग जावयाने प्रेमाने फ्रिजमधून बिअर काढली. आणि ओपनर सापडेना. एक खण झाला, दुसरा झाला, फ्रिजवरचं टोपलं झालं. शेवटी जावई आईला विचारायला आत गेला. इकडे हा एकटा, हातात गार बाटली, समोर टेबल. जित्याची खोड म्हणतात ती काय उगीच? बजावलेलं त्याच्या लक्षात होतं, नव्हतं असं नाही. पण जावई परत आला की उघडलेली बाटली बघून चकित होईल, एवढा मोह झाला खरा. त्याने झाकण कडेला अडकवलं आणि दणका दिला.

झाकण उडालं. त्याबरोबर नखाएवढी ढलपीही उडाली.

खाली लाकूड पांढरंफटक दिसत होतं. आयुष्यभर ज्याने लाकूड हाताळलं, त्याला काय झालं ते कळायला क्षण पुरला. त्याने झाकण आणि ढलपी उचलून खिशात टाकली आणि डावा तळहात त्या जागेवर ठेवला. जावई आला, कशी उघडली म्हणून विचारू लागला. सैल होती, निघाली, असं हा म्हणाला. सबंध जेवणभर तो हात तिथून हलला नाही. वाढायला आलेल्या विहीणबाई दोनदा म्हणाल्या, हात बाजूला घ्या, ताट नीट सरकवते. राहू द्या, राहू द्या, म्हणत तो वाकडा होऊन जेवला. बिअर तशीच कोमट झाली. चोराच्या मनात चांदणं, त्याला वाटे सगळे आपल्या हाताकडेच बघताहेत.

पण जेवण झालं की माणसाला हात धुवायला उठावं लागतं. विहीणबाई फडकं फिरवत आल्या आणि कडेशी थांबल्या. त्यांनी बोटाने ती जागा चाचपली. कोणी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "आई, माझ्याकडून झालं ते. मघाशी कुकर आपटला."

आता त्याने बोलायला हवं होतं. पण तो येतो म्हणाला, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरला. मुलगी निरोप द्यायला खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कामाला दांडी मारली आणि पॉलिशची पेटी घेऊन मुलीचं दार ठोठावलं. मुलगी आणि जावई कामावर गेले होते. उंबरठ्यावरच त्याने खाली मान घालून सांगून टाकलं, "ताई, टेबल मी फोडलं."

"माहीत आहे," विहीणबाई म्हणाल्या. जेवणाआधी त्यांनीच टेबल पुसलं होतं, तेव्हा कड शाबूत होती, आणि नंतर जेवणभर त्याचा हात तिथून हलला नव्हता. त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "टेबलाचं एवढं नाही हो. पण पोरगी किती सवयीने बोलली. पापणी हलली नाही तिची."

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बाटली उघडताना खिडकीची चौकट फुटली तेव्हा घरमालकाला 'वाऱ्याने आपटली' असं कोणी सांगितलं होतं? शाळेच्या कार्यक्रमाला हा पिऊन पडला तेव्हा 'बाबांना ताप आहे' कोण म्हणालं होतं? फ्रॉक घालण्याच्या वयापासून पोर त्याच्या वाट्याचं खोटं बोलत आली होती, आणि हा समजत होता की पोरगी गुणाची आहे, बापाला कधी उलटून बोलत नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो जमिनीवर बसून कामाला लागला. ढलपी सरसाने जागेवर बसवली, फट बारीक भुशाने भरली, घासली, मास्तरांच्या रंगाशी रंग जुळेपर्यंत हात दिले. विहीणबाई समोर बसून बघत होत्या.

संध्याकाळी मुलगी आली. बाबांना पाहून दारातच थबकली. मग टेबलापाशी जाऊन तिने कडेवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. काही लागलं नाही.

"कळत नाहीये काही," ती हळूच म्हणाली. "आईंना मी सांगते, ओळखीच्या सुताराकडून..."

"मी सांगितलंय त्यांना. खरं काय ते."

मुलीने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आनंदही नव्हता. ती गोंधळली होती.

"मग आता मी काय सांगायचं?" तिने विचारलं.

काही नाही बाळा, असं म्हणून तो पेटी आवरू लागला. पण ती पर्स खांद्याला तशीच ठेवून, तो काय सांगायला सांगतो याची वाट बघत उभी होती.