नऊ वर्षं मोगल, एक वर्ष मावळा

फेब्रुवारीतला पहिला रविवार. वर्गणी माणशी चारशे रुपये, त्यात कपडे, ढाल-तलवार आणि दुपारचं जेवण. हजर छत्तीस: चौदा मावळे, बावीस मोगल. खोपोलीजवळच्या खिंडीत झालेली जुनी लढाई आम्ही हौशी मंडळी दर वर्षी तिथेच उभी करतो. वर रानात मावळे लपतात, खाली वाटेत मोगल अडकतात. शेवटी मोगलांनी हत्यारं खाली ठेवायची आणि रिकाम्या हातांनी निघून जायचं.

मी नऊ वर्षं मोगल होतो. मावळा व्हायचं तर ओढ्यापासून वरच्या धारेपर्यंत न थांबता वीस मिनिटांत चढावं लागतं, शिवाय वय पन्नाशीच्या आत हवं. पहिल्या वर्षी मला सव्वीस मिनिटं लागली होती. पुढे कधी चोवीस, कधी पंचवीस. यंदा एकोणपन्नास पूर्ण झाली, म्हणजे ही शेवटचीच संधी. दिवाळीपासून मी रोज सकाळी सोसायटीचे चार मजले बारा वेळा चढत होतो. एवढं करून काय मिळणार, असं बायकोने विचारलं. एकदा वरून बघायचंय, असं मी सांगितलं. निवडीच्या दिवशी एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद लागली.

मोगलांच्या रांगेत माझ्या उजव्या हाताला नऊ वर्षं एकच माणूस असे, आमच्या आळीतले निवृत्त गुरुजी. त्यांचे गुडघे दुखतात. तलवार ठेवायला वाकताना ते माझं कोपर धरत. आपण हरतो तरी शिस्तीत हरतो, असं वर म्हणत. यंदा माझी पगडी त्यांनीच बांधली.

"वर गेल्यावर आम्हाला फार मारू नका," ते म्हणाले.

कारवीच्या आड आम्ही पाऊण तास बसलो. शेजारी पायथ्याच्या वाडीवरचा एक शेतकरी होता, दर वर्षीचा मावळा. मी सारखा मान वर काढत होतो आणि तो मला खाली दाबत होता. खालून रांग आली. एवढ्या उंचीवरून चेहरे कळत नव्हते, पण गुरुजींची चाल ओळखू आली. बाकीचे खांद्याला खांदा लावून चालले होते. गुरुजींच्या डावीकडे मात्र एका माणसाची जागा मोकळी होती. मी दोनदा मोजलं. बावीस माणसं, एक फट.

शिंग वाजलं. आम्ही ओरडत निम्मा उतार खाली आलो, स्पंजचे धोंडे फेकले. नऊ वर्षं जे हवं होतं ते हेच, आणि मी सगळा वेळ त्या फटीकडे बघत होतो. मग शरणागतीचा ढोल झाला. गुरुजी वाकले. त्यांचा डावा हात बाजूला गेला, तिथे काही लागलं नाही, मग जमिनीवर टेकला. मीही गुडघा टेकला आणि तलवार समोर ठेवली.

शेजारच्याने माझ्याकडे नीट बघून विचारलं, "काका, तुमी नक्की कुणाच्या बाजूचं हाय?"

दोन्ही फौजा हसल्या. शरण आलेला मावळा पहिल्यांदाच बघितला, तेव्हा चहा त्याच्याकडून, असं आमच्या प्रमुखाने जाहीर केलं.

टपरीवर गुरुजींनी विचारलं, "कसं दिसतं वरून?"

"तुमच्या शेजारी जागा मोकळी दिसते."

ते चहावर फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "ठेवलीच होती."

छत्तीस चहांचे तीनशे साठ रुपये मी टपरीवाल्या ताईंना दिले.