पहिल्या टोपीचा मान

आमच्या घरात बेसबॉल आला तो लेकीच्या लग्नानंतर. लग्न झालं तेव्हा ती अमेरिकेत एका शहरात नोकरीला होती आणि जावई दुसऱ्या शहरात. सुरुवातीचा सगळा संसार दोघांनी विमानतळावरच केला. इकडे आम्ही मीरा रोडला आणि व्याही, म्हणजे जावयाचे वडील, भाईंदर पश्चिमेला. रिक्षाने जाऊन चहा पिऊन परत यावं इतकं अंतर. पण तिकडच्या त्या दोन शहरांमध्ये म्हणे पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, आणि ते वैर बेसबॉलचं होतं. लेकीने बाबांना आपल्या शहराच्या संघाची टोपी पाठवली. लगेच जावयाने त्याच्या बाबांना त्याच्या संघाची पाठवली. झालं, निवृत्तीनंतर घरात नेमकं कुठे बसावं हे न कळणाऱ्या दोन पुरुषांना कामधंदा मिळाला.

आमचे हे विजेच्या कंपनीत लोकांची चुकलेली बिलं दुरुस्त करायचे. व्याही औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायचे. दोघांनीही आजतागायत बेसबॉलचा चेंडू हातात धरलेला नाही. तो केवढा असतो यावरून एकदा जुंपली होती, तेव्हा मी स्वयंपाकघरातून एक मोसंबं आणून दिलं आणि दोघांची समजूत घातली. तरी पहाटे अलार्म लावून उठायचं, फोन चष्म्याला चिकटवून सामना बघायचा आणि मग तीच टोपी घालून भाजी आणायला जायचं. "अंकल, ये कौनसी पार्टी का है?" असं भाजीवाल्याने विचारलं की आमचे हे त्याला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचे. लेकीला कितवा महिना चाललाय ते मात्र मलाच विचारायचे.

दर रविवारी व्याही आणि विहीणबाई आमच्याकडे नाश्त्याला येतात. दर वेळी आमच्याकडेच का, असं मी एकदा विचारलं होतं. "आपण मुलीकडचे," हे म्हणाले. या दोन शब्दांवर आमच्या घरात सगळे विषय संपतात. लग्नात हॉल कुठला, जेवण कोणाचं, मानपान किती, सगळ्याला यांची मान डोलत होती. व्याह्यांसमोर यांचा आवाज चढताना मी ऐकला तो फक्त बेसबॉलवरून. त्यामुळे सुरुवातीला मला त्या खेळाचं थोडं कौतुकच वाटायचं.

वादाला मूळ होता एक फटकेबाज. हा पठ्ठ्या चेंडू मैदानाबाहेर भिरकावण्यात तिकडे कोणाला ऐकायचा नाही. खेळायला लागला तो जावयाच्या शहराच्या संघातून. तिथे मोठा झाला, नावारूपाला आला, आणि मग भरपूर पैसे मिळाले म्हणून सरळ लेकीच्या शहराच्या संघात गेला. तिथे तर त्याने कहरच केला. मग कुजबूज सुरू झाली की हा ताकद वाढवणारी, बंदी घातलेली औषधं घेतो. सिद्ध काही झालं नाही, पण डाग लागायचा तो लागला. आता तो निवृत्त झाला होता आणि प्रश्न उभा राहिला होता त्याच्या अमरत्वाचा. तिकडे एक संग्रहालय आहे. खेळ गाजवलेल्यांचे चेहरे ब्राँझच्या पाटीवर घडवून तिथल्या भिंतीवर लावतात. कोणाचा लावायचा ते पत्रकार मतं देऊन ठरवतात, आणि चारातल्या तिघांनी हो म्हणावं लागतं. आमच्या दिवाणखान्यात मतदार दोनच होते, आणि त्यांचा निकाल कधीच लागत नव्हता.

"मी आयुष्य क्वालिटीत काढलंय," व्याही सांगायचे. "माल खराब निघाला की आख्खी बॅच फेकायची. विषय संपला."

"अहो, पण रिपोर्ट कुठाय? टेस्टमध्ये सापडला का तो?"

"रिपोर्ट कशाला पाहिजे? दंड बघा त्याचे. आमच्याकडे होता तेव्हा साधा माणूस दिसत होता."

"मी दम्याचा पंप घेतो. त्यात पण स्टेरॉईडच असतं. मग मी चढलेले सगळे जिने कॅन्सल करणार का तुम्ही?"

"तुम्हाला जिन्यासाठी कोणी पाटी लावत नाहीये साहेब."

गंमत अशी की पाटी व्याह्यांनाही हवीच होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आमच्याकडची बॅच चांगली, तुमच्याकडची खराब. आमच्याकडे मारलेल्या फटक्यांवर त्याला आत घ्या, बाकीचे मोजू नका. हे म्हणायचे, मोजायचे तर सगळे मोजा. मी उपमा वाढायची आणि विहीणबाई पांढऱ्या लोकरीचं काहीतरी विणत खाली मान घालून बसायच्या. "चहा छान झालाय" याच्यापलीकडे त्या बाईंचं मत मी कधी ऐकलं नव्हतं. शत्रूपक्षातली मुकी माणसं जास्त धोक्याची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तोवर लेक नोकरी बदलून जावयाच्या शहरात राहायला गेली होती आणि तिला दिवस गेले होते. घर एका खोलीचं. जावयाने फोन करून सांगितलं, "एका वेळी एकाच घरचे या. आधी कोण, नंतर कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा." एवढा शिकलेला मुलगा, पण अवघड प्रश्न मोठ्यांच्या ताटात वाढून मोकळा झाला.

व्याह्यांनी त्याच रविवारी ठरवून टाकलं. "आधी आम्ही जातो. मुलाचं घर आहे. तुम्ही नंतर निवांत या, बाळ हसायला-बिसायला लागलं की."

"हो हो, बरोबर आहे," आमचे हे म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे काय मी नव्याने सांगायला हवं होतं? डिंक आणि हळीव मी आधीच आणून ठेवले होते. त्यातून दोनच दिवसांपूर्वी लेकीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता ती एकदम रडायला लागली आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय. तू असशील ना?" मी असेन म्हणून सांगून बसले होते. पाहुणे गेल्यावर मी यांना फैलावर घेतलं. "आपण मुलीकडचे," हे म्हणाले. "तिला तिकडे उगाच त्रास नको." स्वतःच्या पगारावर घर चालवणाऱ्या माझ्या लेकीला कोण कसला त्रास देणार होतं, ते यांनाच ठाऊक. त्या रात्री मी यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

पुढच्या रविवारी मी भांडायच्याच तयारीत होते. पण पोहे व्हायच्या आत त्या दोघांचं टोपीवरून सुरू झालं. पाटीवरच्या चेहऱ्याला टोपी असते, आणि टोपीवर एकाच संघाचं चिन्ह असतं. दोन संघांतून खेळलेल्या माणसाने कोणाची टोपी घालून अमर व्हायचं, यावरून आता घर डोक्यावर घेतलं होतं.

"टोपी पहिल्या टीमची," व्याही म्हणाले. "ज्यांनी वाढवला, शिकवला, त्यांचा हक्क पहिला. मग नंतर तो कुठेही जाऊ दे."

"असं कसं? एकदा आला तो आमच्या घरचा झाला. आता त्याने मागचं धरून बसायचं नाही."

"आमच्याकडे होता तोवर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नव्हता. तुमच्याकडे गेला आणि बिघडला!"

"तुमच्याकडे त्याची किंमत काय होती? आमच्याकडे येऊन सोनं झालं त्याचं."

माझा झारा कढईतच थांबला. ही सगळी वाक्यं माझ्या ओळखीची होती. फक्त माणसं चुकली होती. मुलाचा बाप मुलीच्या बापासारखा कळवळून बोलत होता, आणि जन्मभर मुलीकडचे म्हणून मान खाली घातलेला माझा नवरा थेट सासऱ्याच्या तोऱ्यात बसला होता. मी गॅस बंद करून बाहेर आले. तोंड उघडणार एवढ्यात विहीणबाई बोलल्या.

"अहो, परत एकदा सांगा. पहिला हक्क कोणाचा म्हणालात?"

बायकोला अखेर बेसबॉलमध्ये रस आला म्हणून व्याही खूश झाले. "पहिल्या टीमचा. ज्यांनी वाढवला त्यांचा."

"मग बाळंतपणाला आधी मुलीकडचे जातील. वाढवली यांनी."

व्याह्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"ती गोष्ट वेगळी," व्याही म्हणाले.

"वेगळी कशी? दोन्हीला एकच नियम लावा ना. पहिल्याचा मान मोठा असेल तर टोपी तुमची, तिकीट यांचं. नंतरच्याचा मोठा असेल तर तिकीट तुमचं, टोपी यांची. काय पाहिजे ते घ्या." एवढं बोलताना त्यांची सुई एकदाही थांबली नाही.

मी यांच्याकडे बघितलं. हे डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत होते. लेकीसाठी तोंडातला घास काढून देणारा माणूस आहे हा, पण त्या क्षणी खरंच सांगता येत नव्हतं. "टोपी तुमची," हे अखेर म्हणाले. कन्यादानाच्या वेळीही यांचा आवाज इतका कापला नव्हता.

आता प्रश्न व्याह्यांचा होता. त्यांनी घाई केली नाही. खिडकीबाहेर उभ्या राहणाऱ्या टॉवरकडे बघत बराच विचार केला. मग यांना विचारलं, "फायनल ना? नंतर परत बोलायचं नाही. टोपी आमची?"

"तुमची."

"मग ठीक आहे. तुम्ही जा आधी."

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि त्याच वेळी या गृहस्थाच्या डोक्यात झारा घालावासाही वाटला. ज्याला कधी भेटलाही नाही अशा माणसाच्या ब्राँझच्या टोपीसाठी त्याने नातवंडाचं पहिलं रडणं सोडून दिलं होतं.

विहीणबाई कपबश्या घेऊन आत आल्या तेव्हा मी विचारलं, "ताई, तुम्हाला नाही का जावंसं वाटत?"

"वाटतं की. मुलगा आहे माझा तिकडे." त्यांनी नळ सोडला. "पण हा झाला ना, तेव्हा मला माहेरी पाठवलं नव्हतं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरचं बाळ, आमच्याच घरी होईल. मी आईच्या नावाने ओरडत होते आणि समोर सासूबाई उभ्या. आई आली बारशाला, पाहुण्यांसारखी बसली आणि गेली." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला नको तसं. तुम्ही जा."

इतके रविवार ज्या बाईला मी शत्रूपक्षात मोजत होते, तिच्या हातातल्या कपबश्या मी काढून घेतल्या आणि तिला स्टुलावर बसवलं.

जानेवारीत निकाल लागला. फटकेबाजाला मतं कमी पडली. सकाळी सकाळी व्याही शेअर रिक्षाने एकटेच आले. टोपी डोक्यावर नव्हती, हातात होती. दोघं सोफ्यावर मयताला आल्यासारखे बसून राहिले. सगळे पत्रकार विकले गेलेत, यावर आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. चहा झाल्यावर व्याह्यांनी घसा साफ केला.

"साहेब, आता पाटीच नाही म्हटल्यावर टोपीचा प्रश्न येत नाही. तेव्हा ते आपलं तिकिटाचं..."

मी यांच्या "हो हो, बरोबर आहे"ची वाट बघत होते.

"नाही," आमचे हे म्हणाले. "टोपी तुमची म्हटलं ना, तुमचीच. पुढच्या वर्षी परत मतदान आहे. दिलेला शब्द फिरवायचा नाही." व्याह्यांनी हातातली टोपी परत डोक्यावर चढवली. लग्नात हा माणूस कुठे गेला होता, असं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण त्याऐवजी मी त्याला दुसरा चहा दिला.

निघायच्या दिवशी व्याही-विहीणबाई सोडायला आले. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जावयासाठी उत्तनचे सुके बोंबील आणि दोन आजोबांनी बाळासाठी मागवलेल्या दोन इवल्याशा टोप्या, एकेका संघाची एकेक. विहीणबाईंनी पिशवीतून पांढऱ्या लोकरीचं टोपडं काढलं. त्यावर कुठलंच चिन्ह नव्हतं. "पहिल्या फोटोत हेच दिसू दे," त्या म्हणाल्या. "त्या दोघांच्या टोप्या तळाला घाला."

लेक कळा देताना "आई गं" म्हणून ओरडली आणि तिच्या हातात माझा हात होता. त्यापुढे मला अजूनही नीट सांगता येत नाही. नात झाली. नर्सने तिला हॉस्पिटलची पट्ट्यापट्ट्यांची टोपी घातली होती, ती मी काढली. आमच्या यांनी हळूच खिशातून काहीतरी बाहेर काढलं, माझा चेहरा बघितला आणि परत आत ठेवलं. मी टोपडं घातलं आणि भाईंदरला व्हिडिओ कॉल लावला.

"टोपीवर लोगो कुठाय?" व्याह्यांनी पहिला प्रश्न विचारला. तेवढ्यात विहीणबाईंनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग त्यांचा चेहरा अगदी जवळ आला. मी नात समोर धरली. त्या हलकेच म्हणाल्या, "कानावरून नीट ओढा ताई, वारं लागेल."