उभ्या गाडीची बॅटरी

उंब्रजमध्ये आमच्या गल्लीत सकाळी साडेसहाच्या सुमाराला तीन मोटरसायकली सुरू व्हायच्या आणि तिन्हीपैकी एकही कुठे जायची नाही. तीन घरांतले तिघे जण फौजेत आहेत. सुट्टी संपली, पाया पडून झालं, बॅग खांद्यावर चढली की तिघांचंही शेवटचं वाक्य एकच असतं: "गाडी रोज चालू करत जावा, न्हाईतर बॅटरी उतरंल." घरची माणसं ते इमानेइतबारे पाळायची. लग्नाची सुट्टी संपवून माझा नवरा परत गेला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मला वाटलं की सगळी गल्ली एकदम कुठेतरी निघाली आहे. घाईघाईने केस बांधून बाहेर आले, तर तीन गाड्या जागच्या जागी धूर सोडत उभ्या होत्या.

आमच्या घरची गाडी सुरू करण्याचा मान सासूबाईंचा. त्यांना मी आत्या म्हणते. गाडीची किल्ली देवघरात घंटेच्या शेजारी असते. अंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं की आत्या किल्ली घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये यायच्या, फडक्याने टाकी आणि हँडल पुसायच्या आणि मग बटण दाबायच्या. हेडलाइटचा उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा. चहाला उकळी येईपर्यंत गाडी सुरू ठेवायची आणि मग बंद करायची, असा नेम होता. त्या गाडीवर बसायचं मात्र कुणी नाही. जाताना लेकाला त्यांनी शब्द दिला होता, "तू येऊस्तवर तुझ्या जागंवर कुणी बसणार न्हाई." मी कराडला शाळेत विज्ञान शिकवायला माझ्या स्कूटरवरून जाते, आणि ही धडधाकट गाडी शेडमध्ये उभी.

हा सगळा प्रकार मला गमतीचा वाटायचा, कारण त्यामागचं खरं कारण मला माहीत नव्हतं. नवरा जिथे आहे तिथून फोन आठ-दहा दिवसांनी लागतो, कधी त्याहून उशिरा. मधल्या दिवसांत आत्यांना त्याची खबर ही गाडीच द्यायची. एका दाबात इंजिन बोललं की आत शिरता शिरता म्हणायच्या, "पोरगं बरं हाय." दोनदा दाबावं लागलं तर त्या दिवशी भाकरी अर्धीच खायच्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याचा रागही आला.

पावसाळा संपता संपता गाडी कुरकुरायला लागली. बटण दाबलं की कण्हल्यासारखा आवाज, मग तिसऱ्या-चौथ्या वेळेला कसंबसं इंजिन सुरू. आत्यांचं जेवण दिवसागणिक कमी व्हायला लागलं. एका सकाळी नुसतं टिक वाजलं आणि पुढे काहीच नाही. या गाडीला किकही नाही. आत्या तशाच मागे फिरल्या, देवापुढे बसल्या आणि दुपारपर्यंत उठल्या नाहीत. पाणी दिलं तर घेतलं नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला. त्याला साधी सर्दीसुद्धा नव्हती. पण त्या चार दिवसांत आत्यांचा चेहरा इतका उतरला की मला रडू यायचं. शेवटी मला त्यांच्या भक्तीपेक्षा त्या बॅटरीचाच संताप आला. एवढीशी डबी, आणि तिच्यावर एका बाईचं अन्नपाणी अवलंबून.

माझे वडील पलूसला गाड्यांचं वायरिंग आणि बॅटऱ्यांचं काम करतात. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. दुरुस्तीला आलेल्या गाड्या फिरवूनच मी मोटरसायकल शिकले. रविवारी बॅटरी काढून पिशवीत घातली, कराडला एसटी बदलली आणि पलूस गाठलं. आण्णांनी बॅटरी चार्जिंगला लावली, संध्याकाळी तपासली आणि म्हणाले, "कायबी दोष न्हाई हिच्यात. गाडी किती चालती?"

"चालत नाही, पण रोज सुरू करतात. सहा-सात मिनिटं."

आण्णा हसले. त्यांचं हे हसणं मला लहानपणापासून माहीत आहे. उत्तर ठाऊक असतं, पण द्यायचं नसतं. मी म्हटलं, "मग बॅटरी उतरते कशी? इंजिन सुरू झालं की चार्जिंग होतंच ना?" हे मी स्वतः आठवीच्या वर्गात ठोकून सांगितलेलं होतं.

"मी सांगितलं तर तू भांडशील," आण्णा म्हणाले. "मीटर लाव आन् तूच बघ."

त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक छोटा अँपिअर मीटर काढला. जुन्या मोटरसायकलींच्या हेडलाइटच्या टोपीत असला मीटर बसवलेला असायचा. मधोमध शून्य, काटा उजवीकडे गेला की बॅटरीत वीज भरतेय, डावीकडे गेला की बॅटरीतून जातेय. सोबत लाल आकड्यांचा एक नवा व्होल्टमीटर दिला. "ह्यो काटा चार्जिंगच्या तारेत घाल. स्टार्टरच्या जाड तारेत घालशील तर जळून जाईल, आन् वर माझंच नाव सांगशील." मी मान डोलावली. लग्नानंतर पहिल्यांदाच माहेराहून आहेर म्हणून मला हवं ते मिळालं होतं.

दोन्ही मीटर मी पत्र्याच्या एका पट्टीवर बसवून हँडलला बांधले. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "ह्ये कशाला?" त्यांनी विचारलं. "बॅटरी का उतरते ते कळायला," मी म्हटलं. "माज्यावर नजर ठेवाय व्हय गं?" म्हणून त्या आत गेल्या. खोटं बोलायचं तर नाही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून शेडच्या भिंतीवर मी खडूने आकडे लिहायला लागले. गाडी सुरू करण्याआधी बॅटरी किती दाखवते, एवढंच. पहिल्या दिवशी बारा पॉइंट सहा. मग बारा पॉइंट पाच. मग चार, पुन्हा चार, मग तीन. सहाव्या दिवशी बारा पॉइंट एक. रोज गाडी सुरू होत होती आणि रोज बॅटरी खाली चालली होती. मला तर चक्रावून गेल्यासारखं झालं. कुठे तार लागून रात्रभर वीज गळत असेल म्हणून मी झोपण्याआधीही आकडा बघून ठेवला. सकाळी आकडा जिथल्या तिथे. म्हणजे जे काही घडत होतं ते चहाला उकळी येईपर्यंतच घडत होतं.

मग मी काट्याकडे नीट बघितलं. इतके दिवस आकड्याच्याच नादात होते. आत्यांनी बटण दाबलं, इंजिन सुरू झालं, हेडलाइट लागला. या नव्या गाड्यांचा दिवा बंद करता येत नाही, इंजिन सुरू असेपर्यंत तो जळतच राहतो. काटा शून्यावरून हलला आणि डावीकडे जाऊन थांबला. मी काचेवर टिचकी मारली. डावीकडेच. मग अ‍ॅक्सिलरेटर थोडा पिळला, तसा काटा शून्य ओलांडून उजवीकडे गेला. सोडला की परत डावीकडे. मी दहा वेळा पिळून बघितलं असेल. चहा उतू गेला तरी मला पत्ता नाही.

उभ्या गाडीचं इंजिन हळू फिरतं, आणि त्या फिरण्यातून जेवढी वीज तयार होते तेवढी दिव्यालाही पुरत नाही. उरलेली जाते बॅटरीतून. त्यात बटण दाबताना मोठा घास गेलेला असतो, तो भरून यायला अर्धा तास गाडी पळवावी लागते. म्हणजे आमच्या गल्लीत तिन्ही घरची माणसं बॅटरी टिकावी म्हणून रोज सकाळी भक्तिभावाने बॅटरी मारत होती. आणि वर आळ बॅटरी विकणाऱ्यावर घेत होती!

माझा आनंद पाच मिनिटंच टिकला. कारण आता हे आत्यांना सांगायचं कसं?

मी दोन दिवस वाक्यं जुळवत राहिले. शेवटी काही न जुळवता त्यांना मीटरसमोर उभं केलं. म्हटलं, "तुम्ही फक्त ह्या काट्याकडे बघा, आत्या." गाडी सुरू केली. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि वाकून बघितलं.

"डावीकडं ग्येला. म्हंजे?"

"म्हणजे बॅटरीतनं जातंय."

"गाडी चालू हाय की. मग गाडी करती काय?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. मी अ‍ॅक्सिलरेटर पिळून दाखवला, काटा उजवीकडे गेला. "मग रोज आसं पिळत ऱ्हाऊ," त्या लगेच म्हणाल्या. अर्धा तास उभ्या गाडीला रेस दिली तर इंजिन तापेल आणि गल्ली शिव्या घालेल, हे मी सांगितलं. त्यांनी भिंतीवरचे खडूचे आकडे बघितले. वरून खाली एकेक करत बोट फिरवलं.

"म्हंजे इतकं दिस मीच मारत हुते व्हय त्याला?"

त्याला म्हणाल्या, तिला नाही. मी गाडी बंद केली. आत्या उंबऱ्यावर बसल्या आणि हाताकडे बघत राहिल्या. माझी मलाच लाज वाटली. मला कारण शोधून काढायचं होतं, ते सापडलंही, पण ते कुणाच्या पदरात पडणार आहे याचा विचार मी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला दोनच गाड्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशीही दोनच. आत्या तुळशीला पाणी घालून सरळ आत यायच्या. बॅटरी मी पलूसहून पुन्हा भरून आणली आणि गुपचूप बसवली, पण त्यांनी विचारलंही नाही. भाकरी पुढ्यात असायची आणि नजर देवघरातल्या किल्लीवर.

रविवारी दुपारी मी पेपर तपासत बसले होते. आत्या समोर येऊन उभ्या राहिल्या. साडी नीट खोचलेली, एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात माझ्या नवऱ्याचं हेल्मेट.

"चल."

"कुठं?"

"काटा उजवीकडं जाईल तितं. पर मी मागं बसणार. त्याच्या जागंवर कोण बसलंय ते मला दिसाय पायजे."

चाफळच्या रस्त्याने आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि माझ्या खांद्यावर आत्यांचा हात इतका घट्ट की रग लागली. गाडीने वेग घेतला तसा काटा शून्य ओलांडून उजवीकडे गेला आणि तिथे स्थिर झाला. आकडा चौदाच्या पुढे. दर दोन मिनिटांनी मागून प्रश्न यायचा, "काटा कुठं हाय?" "उजवीकडं आहे आत्या." "डावीकडं ग्येला तर सांग." परत येताना त्यांनी विचारणं सोडून दिलं आणि कुणाच्या शेतात हळद कशी आली आहे ते सांगायला लागल्या. लग्नानंतर त्या माझ्याशी सलग इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. घरी आल्यावर त्या दिवशी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मग हा आमचा नेमच झाला. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास. पुसण्याचं काम आत्यांचं, चालवायचं माझं. मीटर वाचायला त्या माझ्याआधी शिकल्या. साडेबाराच्या वर म्हणजे ठीक, बाराच्या खाली म्हणजे काळजी, हे त्या आता शेजारच्या दोन्ही घरांतही सांगतात. गाडी सुरू झाल्यावर "पोरगं बरं हाय" म्हणणं मात्र कधी थांबलं ते मला कळलंच नाही. बहुतेक मीच म्हणायला लागले होते, मनातल्या मनात.

हे मला गेल्या महिन्यात कळलं. त्याचा फोन येऊन अकरा दिवस झाले होते. रविवार होता, आम्ही निघायच्या तयारीत. मी गाडीवर बसले, किल्ली फिरवली, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. टिकसुद्धा नाही. मी, आठवीच्या पोरांना विद्युतप्रवाह शिकवणारी बाई, तिथेच गार पडले. डोक्यात बॅटरी आली नाही, फ्यूज आला नाही. तो आला. अकरा दिवस, आणि आज गाडी बोलत नाही. मागे आत्या उभ्या आहेत म्हणून वळूनही बघवेना. त्यांना आता काय वाटत असेल या भीतीने मी नुसतं बटण दाबत राहिले. फोन दोनच दिवसांनी आला, नेटवर्क नव्हतं एवढंच, पण ते तेव्हा कुठे माहीत होतं?

माझ्या खांद्यावरून वाकून आत्यांनी मीटर बघितला.

"बारा पॉइंट सात दावतंय की. बॅटरी झकास हाय." मग त्यांचा हात पुढे आला आणि हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण त्यांनी अंगठ्याने जागेवर सरकवलं. "सकाळी पुसताना माज्याच हातानं सरकलं आसंल. आता दाब."

मी दाबलं. एका दाबात इंजिन सुरू झालं.

आत्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं, पण बसल्या नाहीत. समोर येऊन माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

"आधी डोळं पूस. मला मागं बसायचंय."